मूळव्याध म्हणून गेलेलं वर्ष



ही व्याख्यानमाला तुम्ही चैत्रात ठेवता, त्यामागचा विचार मला ठाऊक आहे. साखर कारखान्यांचा पट्टा पडतो, ऊसतोडीच्या टोळ्या परततात, सिंदफणेच्या काठी पुन्हा चुली पेटतात. कार्तिकात मी इथं उभा राहिलो असतो, तर समोर फक्त म्हातारी माणसं असती आणि गल्लीतल्या दारांना कुलपं असती. आमच्या शाळेतल्या गुरुजींनी ही कुलपं जन्मभर मोजली. दसरा झाला, की हजेरीपट काखेत घेऊन ते मुकादमाच्या दारात जायचे आणि एकेका पोरासाठी भांडायचे. "याला नेऊ नका, याच्या जेवणाचं मी बघतो." असं भांडून मागं ठेवून घेतलेल्या पोरांपैकी मी एक आहे. माझे आईवडील कोयत्यावर होते. मी सर्जन झालो, त्याची सुरुवात त्या भांडणात आहे.

संयोजकांनी मला 'आरोग्य' एवढाच विषय दिला होता. त्यातला एक कोपरा मी निवडला आहे. चारचौघांत त्याचं नाव काढायची लाज वाटते, आणि त्या लाजेपायी माणसं जातात, तरणीताठी माणसं जातात. मोठ्या आतड्याचा आणि गुदाशयाचा कॅन्सर, तोही पन्नाशीच्या आतल्या माणसांना होणारा. समोर आयाबहिणी बसल्या आहेत, लेकरं बसली आहेत, तरीही मी आज संडास, रक्त, गुदद्वार हे शब्द स्पष्ट उच्चारणार आहे. गुरुजी असते तर त्यांनी मला थांबवलं नसतं.

आधी माझी चूक सांगतो.

२००८ ची दिवाळी चार दिवसांवर आली होती. मी शिकून नुकताच परतलो होतो आणि एका गावात लहानसा दवाखाना थाटला होता. बाहेर ट्रॅक्टरची ट्रॉली भरून उभी होती. ज्वारीची पोती, भांड्यांचं बोचकं, उलटी टाकलेली बाज, तिच्या पायाला बांधलेली शेळी. एक गडी आत आला. वय २९, अंगानं काटक. दाराकडं बघत हळू आवाजात म्हणाला, "साहेब, संडासला बसलं की रगत पडायलंय. दोन महिने झाले." दुखतं का, विचारलं. "दुखत नाही." बाहेरून मुकादमानं हाळी दिली. मी म्हटलं, मूळव्याध असेल. मलम दिलं, पोट साफ व्हायची पावडर दिली, लोहाच्या गोळ्या दिल्या, तिखट कमी खायला सांगितलं. त्याला कॉटवर झोपवलं नाही. हातमोजा घातला नाही. चार मिनिटांत तो बाहेर पडला, ट्रॉलीवर चढला आणि टोळी पश्चिमेकडच्या कारखान्याला निघून गेली.

चैत्रात बायकोनं त्याला दंडाला धरून आणला. ओठ पांढरे पडले होते, डोळ्यांच्या आतल्या पापण्या कागदासारख्या. हिमोग्लोबिन ६. फडात त्याचं रक्त जातच होतं. शेजारच्या गावातून एकदा मूळव्याधीचं औषध आणलं, एकदा कुणीतरी इंजेक्शन दिलं, पण एक अख्खा दिवस काढून मोठ्या दवाखान्यात तो गेला नाही. खाडा पडला तर उचलीतून पैसे कापले जातात, आणि नवराबायको मिळून एक कोयता असल्यामुळं एकाचा खाडा म्हणजे दोघांचा खाडा. हे मी तुम्हाला काय सांगावं! आता मी मोजा घातला, बोट घातलं. दुसऱ्या पेराच्या पुढं कडक, खरबरीत, फुलकोबीच्या गड्ड्यासारखी गाठ हाताला लागली. बोट बाहेर काढलं तेव्हा मोज्याला रक्त आणि शेंबडासारखी आव होती. ती गाठ दिवाळीतही तिथंच होती, त्याच अंतरावर. मी हात लांब केला नव्हता, एवढंच. यकृतात गाठी पोचल्या होत्या. सव्वा वर्षानं तो गेला. बायको चोवीस वर्षांची, मांडीवर तीन वर्षांचा मुलगा.

त्या सहा महिन्यांनी नेमका किती फरक पडला असता, याचं गणित कुणी मांडून देऊ शकत नाही. पण दिवाळीला मी बोट घातलं असतं, तर तो ट्रॉलीवर चढला नसता, हे मला पक्कं ठाऊक आहे.

आता आपल्या जिल्ह्याचा एक आकडा सांगतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा राष्ट्रीय कॅन्सर नोंदणीचा अहवाल २०२० साली प्रसिद्ध झाला. देशभरातल्या नोंदणी केंद्रांमध्ये पुरुषांत कॅन्सरचं प्रमाण सगळ्यांत जास्त होतं मिझोराममधल्या ऐझॉल जिल्ह्यात, दर लाखामागे २६९.४. सगळ्यांत कमी होतं उस्मानाबाद आणि बीड या एकत्र नोंदवलेल्या दोन जिल्ह्यांत, म्हणजे आपल्याकडे, ३९.५. बायकांतही तळाला आपणच, ४९.४. वयाचा फरक जमेस धरून काढलेले हे आकडे आहेत, तेव्हा आपल्याकडे तरुण माणसं जास्त आहेत म्हणून ते कमी आले, असंही नाही.

पहिल्यांदा हा आकडा वाचला तेव्हा मला बरं वाटलं. नंतर तोच मला छळायला लागला. यात काही भाग खरा आहे. आपली भाकरी, आपलं कष्टाचं जगणं, दारू-तंबाखूचं आणि लठ्ठपणाचं शहरापेक्षा वेगळं गणित, या सगळ्याचा त्यात वाटा असणार. पण जो माणूस मूळव्याध म्हणून गेला, अंगात रक्त नाही म्हणून गेला, पोट फुगून गेला, त्याची नोंद कोणत्या वहीत झाली? निदानच झालं नाही तर नोंद कुठून होणार? आणि कमी आकड्याचा आणखी एक तोटा आहे, तो आम्हा डॉक्टरांच्या डोक्यात होतो. जो आजार वर्षातून एकदा समोर येतो, तो समोर येऊनही ओळखू येत नाही. त्यात रुग्ण एकोणतीस वर्षांचा असेल, तर मनातलं कॅन्सरचं पान उघडतच नाही.

खरं तर ते आपल्या देशात आधी उघडायला हवं. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात २०१३-१४ मध्ये वर्षभरात आलेल्या मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या ८०० रुग्णांचा अभ्यास तिथल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केला आहे. त्या रुग्णांचं सरासरी वय ४७ होतं. अमेरिकेत किंवा युरोपात हा साठी-सत्तरीचा आजार समजला जातो. या ८०० पैकी ५७ टक्के लोकांची तक्रार होती संडासवाटे रक्त. म्हणजे निम्म्याहून अधिक लोकांच्या शरीरानं अगदी उघड, लाल रंगात सांगितलं होतं. आणि १३ टक्के लोकांच्या गाठी एका खास जातीच्या होत्या. सूक्ष्मदर्शकाखाली त्या पेशी अंगठीसारख्या दिसतात: आत पातळ चिकट द्रव भरलेला आणि केंद्रक कडेला ढकललेलं, जणू अंगठीवरचा खडा. ही जात तरुणांत अधिक आढळते, वेगानं पसरते, आणि यकृतापेक्षा पोटाच्या आतल्या अस्तरावर पेरल्यासारखी उगवते. पाश्चात्त्य देशांत ती फार थोड्यांत दिसते.

जगातही हवा पालटते आहे. २०२४ च्या अखेरीस 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी' या नियतकालिकात ५० देशांची आणि प्रदेशांची तुलना आली, त्यांतल्या २७ ठिकाणी पन्नाशीच्या आतल्या लोकांत हा आजार वाढताना दिसला. अमेरिकेत १९९० च्या आसपास जन्मलेल्यांना गुदाशयाच्या कॅन्सरचा धोका १९५० च्या आसपास जन्मलेल्यांपेक्षा चौपट आहे, असं तिथल्या नोंदींवरून २०१७ मध्ये मांडलं गेलं. म्हणून तिथं तक्रार नसतानाही तपासणी सुरू करायचं वय पन्नासवरून पंचेचाळीसवर आणलं. 'ब्लॅक पँथर' या सिनेमाचा नायक चॅडविक बोसमन याच आजारानं २०२० मध्ये गेला, वयाच्या ४३ व्या वर्षी. इथल्या पोरांनी तो सिनेमा मोबाईलवर पाहिलेला आहे, म्हणून नाव घेतलं.

का वाढतो आहे? लठ्ठपणा, बैठं जगणं, दारू, डबाबंद मांस ही कारणं पुस्तकात आहेतच. २०२५ च्या एप्रिलमध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या एका कामानं मला खिळवून ठेवलं. ११ देशांतल्या ९८१ गाठींच्या जनुकांचा त्यांनी अभ्यास केला. आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय जिवाणूच्या काही जाती कोलिबॅक्टिन नावाचं विष तयार करतात, आणि ते विष जनुकांवर विशिष्ट ओरखडे सोडून जातं. चाळिशीच्या आत निदान झालेल्यांच्या गाठीत हे ओरखडे सत्तरीपुढच्यांच्या तुलनेत सव्वातीन पटींहून अधिक वेळा सापडले. संशोधकांचा कयास असा, की हे ओरखडे लहानपणीच, पहिल्या दहा वर्षांत पडले असावेत. बाळपणी आतड्यात कोण राहायला आलं, त्याचा हिशेब तिशीत होतो. अजून पुरावा जुळायचा आहे, पण दिशा नवी आहे.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. तरुण माणसाला हा आजार झाला तर पुढं काय होतं?

लोकांची ठाम समजूत असते, की तरण्या रक्तात कॅन्सर आगीसारखा पसरतो, उपचार करून काही हाती लागत नाही. 'जमीन विकू नका, पोराच्या नशिबात नाही' असं सांगणारे पाव्हणे मी दवाखान्याच्या पायरीवर पाहिले आहेत. ही समजूत खोटी आहे. जगभरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा हेच दिसतं, की एकाच टप्प्यावर निदान झालेला तरुण आणि म्हातारा यांची तुलना केली, तर तरुण बहुतेकदा तितकाच तगतो, काही वेळा जास्त. त्याचं हृदय चांगलं असतं, मूत्रपिंडं चांगली असतात, तो शस्त्रक्रिया सोसतो, केमोचे डोस पुरे घेतो. अंगठीसारख्या पेशींची ती जात वाईट, हे खरं, पण सगळ्या तरुणांची गाठ त्या जातीची नसते. मग तरुणांचे निकाल वाईट का दिसतात? कारण ते येतातच शेवटच्या दोन टप्प्यांत. अमेरिकेतल्या नोंदींप्रमाणे गाठ आतड्यापुरती असताना सापडली, तर शंभरातले सुमारे नव्वद जण पाच वर्षांनंतरही जिवंत असतात. ती दूरच्या अवयवात पोचल्यावर सापडली, तर हाच आकडा पंधराच्या आसपास येतो. नव्वद आणि पंधरा यांच्यामध्ये जे अंतर आहे, त्यात वयाचा वाटा थोडा आणि तारखेचा फार मोठा आहे. माझ्या त्या रुग्णाच्या बाबतीत ती तारीख दिवाळीच्या चार दिवस आधीची होती.

हा उशीर कुणाच्या खात्यावर मांडायचा? रुग्णाच्या लाजेवर सगळा भार टाकणं मला पटत नाही. तो गडी लाज गिळून माझ्याकडं आला होता. तरुणांच्या बाबतीत रुग्ण येतो आणि डॉक्टर त्याला परत पाठवतो, हे सर्रास घडतं. सरकारी तपासणी मोहिमेत तिशीपुढच्या लोकांचे तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन ठिकाणचे कॅन्सर शोधले जातात. आतड्याचं नाव त्यात नाही, आणि आपल्या कमी प्रमाणात सगळ्यांची दुर्बिणीतून तपासणी करा, असं मीही म्हणणार नाही. मी मागतो ते फार थोडं आहे. ज्याला रक्त पडतं, त्याला तपासा. गुदाशय म्हणजे आतड्याचा शेवटचा सुमारे पंधरा सेंटिमीटरचा भाग, आणि आपल्याकडच्या गाठींचा मोठा वाटा तिथंच असतो. त्यातल्या कितीतरी बोटाला लागतात. मोजा, थोडी जेली, दोन मिनिटं. त्याला वीज लागत नाही, ना मशीन.

मला घबराट पसरवायची नाही. रक्त पडणाऱ्या बहुतेक तरुणांना मूळव्याध किंवा फिशरच असते. पण पाहिल्याशिवाय ते ठरत नाही, आणि रक्ताच्या रंगावरून तर मुळीच ठरत नाही. गुदाशयातली गाठही लालभडक रक्त टाकते. मोड आहेत म्हणून वर गाठ नाही, असंही नसतं. एकाच माणसाला दोन्ही असू शकतं. संडासला जाऊन आलं तरी पोट मोकळं झाल्यासारखं वाटत नाही, पुन्हा पुन्हा बसावंसं वाटतं, आव पडते, पोटात कळा येतात, पूर्वी नीट असलेलं पोट महिनाभर बिघडलेलंच राहतं, वजन उतरतं, यांतलं काही रक्ताच्या जोडीला आलं तर एक दिवसही दवडू नका. आणि गड्याचं हिमोग्लोबिन ८ आलं, तर नुसत्या लोहाच्या गोळ्या देऊन घरी पाठवणं हा गुन्हा समजला पाहिजे. पुरुषाला पाळी येत नाही. ते रक्त कुठून तरी जातंय. बाईच्या बाबतीत तर आम्ही विचारायचीही तसदी घेत नाही. 'अंगावरून जास्त जातं' म्हटलं की विषय मिटला.

बाईचं नाव निघालं, तेव्हा थोडं थांबतो. आपल्या जिल्ह्यात 'पिशवी' म्हटलं की गर्भाशय. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीनं इथल्या ८२,३०९ ऊसतोड करणाऱ्या बायकांची माहिती घेतली, त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. कितीतरी जणींना सांगितलं गेलं होतं, की काढली नाही तर कॅन्सर होईल. तिशीच्या आत-बाहेरच्या बायका, पाळीच्या दिवसांत खाडा नको म्हणून, कॅन्सरच्या भीतीनं, निरोगी अवयव काढून घेऊन पुन्हा फडात गेल्या. याच जिल्ह्यात, याच वयाची माणसं, खऱ्या कॅन्सरचं रक्त जात असताना साध्या बोटाच्या तपासणीला मुकतात. जिथं गरज नव्हती तिथं सुरी चालली, जिथं गरज होती तिथं मोजाही निघाला नाही. या दोन गोष्टी मी एकमेकींपासून वेगळ्या काढू शकत नाही.

आणि 'पिशवी' शब्दाला माझ्या ओपीडीत दुसराही अर्थ आहे. गुदाशयाची गाठ फार खाली असेल, तर शौचाचा मार्ग पोटावर आणावा लागतो, कधी काही महिन्यांसाठी, कधी कायमचा. तिथं चिकटवायची ती पिशवी. एका पस्तीस वर्षांच्या बाईला ती कशी बदलायची हे आमची सिस्टर शिकवत होती. कोमट पाण्यानं कातडी पुसायची, पूर्ण कोरडी करायची, चकतीला मापानं भोक कापायचं, जास्त मोठं कापलं तर कातडी सोलवटते. बाईनं सगळं नीट ऐकलं, हातानं करून दाखवलं आणि मग विचारलं, "कोपीत पाणी कुठून आणू?" उसाच्या पाल्याची कोपी, पाणी दूरच्या विहिरीवरून, संडास उघड्यावर, अंधारात. कॅन्सरमधून ती वाचली होती. तिच्या पुढच्या जगण्याचा निकाल त्या दोन बादल्या पाण्यावर होता. तरुण रुग्णाचे 'परिणाम' मोजताना आम्ही पाच वर्षांनी जिवंत आहे का एवढंच लिहितो. तिशीतल्या माणसाला पुढं चाळीस वर्षं काढायची असतात. तो कोयता धरू शकतो का, त्याला मूल होईल का, नवरा-बायकोचं नातं टिकलं का, कर्ज फिटलं का, हे कोणत्या रकान्यात लिहायचं?

कोयत्याचंच घ्या. या आजारात ऑक्सॅलिप्लॅटिन नावाचं केमोचं औषध देतात. त्यानं हातापायाची बोटं बधिर होतात, मुंग्या येतात, आणि गार वस्तूला हात लागला की टाचण्या टोचल्यासारखं होतं. पहाटे चारला दवानं भिजलेल्या उसाला हात घालणाऱ्या माणसाला हे काय असेल, कल्पना करा. कित्येकांची बोटं वर्षानुवर्षं पूर्ववत होत नाहीत. २०१८ मध्ये मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासातून दिसलं, की तिसऱ्या टप्प्यातल्या पण कमी जोखमीच्या बऱ्याच रुग्णांना सहा महिन्यांऐवजी तीन महिने केमो दिली तरी फायदा जवळपास तेवढाच होतो आणि बोटं पुष्कळ वाचतात. पण तरुण रुग्ण दिसला की डॉक्टरचा हात सढळ होतो, 'सोसेल की' म्हणून जास्तीची औषधं दिली जातात. तुमच्या घरात कुणाला केमो सुरू होणार असेल, तर डॉक्टरांना विचारा, 'तीन महिन्यांत भागेल का?' हा प्रश्न उद्धट नाही.

तसंच मुलाबाळांचं. कमरेच्या भागाला शेक, म्हणजे किरणोपचार, दिला, की बाईचे बीजकोश आणि गर्भाशय दोन्ही भाजतात. पुरुषाच्या बीजावरही परिणाम होतो. उपचार सुरू व्हायच्या आधी वीर्य गोठवून ठेवता येतं, बीजकोश शस्त्रक्रियेनं वर सरकवून शेकाच्या टप्प्याबाहेर नेता येतात. उपचारानंतर मात्र ही सोय राहत नाही. लग्नाला वर्ष न झालेल्या पोरांना मी हे सांगतो तेव्हा सोबत आलेले वडील मान खाली घालून बाहेर जातात. जाऊ देत. पोराला ते कळलं पाहिजे.

पैशाबद्दल थोडक्यात. २००९ मध्ये माझ्या त्या रुग्णासाठी शेळी गेली, मग जमिनीचा तुकडा गेला. आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, छत्रपती संभाजीनगरला सरकारी कॅन्सर रुग्णालय आहे, बार्शीला नर्गिस दत्त रुग्णालय आहे, मुंबईत टाटा आहे. आता रेल्वेही अहिल्यानगरहून बीडपर्यंत आली. मोठा खर्च योजनेत बसतो. अडतं ते त्याच्या आधी: दुर्बीण, तुकड्याची तपासणी, सीटी स्कॅन, जाण्यायेण्याचं भाडं आणि बुडालेले दिवस. निदान होईपर्यंत माणूस योजनेच्या दारात पोचलेलाच नसतो.

उपचारांत खूप चांगलं घडतं आहे, तेही सांगतो. गुदाशयाच्या गाठीला आधी केमो आणि शेक दिल्यावर काहींची गाठ पूर्ण विरघळते. अशांना लगेच शस्त्रक्रिया न करता डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं, ही पद्धत ब्राझीलमधल्या साओ पाउलोच्या डॉ. अँजेलिता हाब्र-गामा यांनी लावून धरली. सुरुवातीला सर्जन मंडळींनी त्यांना फार विरोध केला. आज जगभर ती वापरली जाते आणि अनेकांची पोटावरची पिशवी टळते. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी एका विशिष्ट जनुकीय दोषाच्या गाठी असलेल्या पहिल्या १२ रुग्णांना नुसतं प्रतिकारशक्ती जागवणारं औषध दिलं आणि बाराही जणांची गाठ नाहीशी झाली, ना शेक, ना सुरी. असा दोष गुदाशयाच्या थोड्याच गाठींत असतो आणि औषध अतिशय महाग आहे. पण तो दोष शोधणारी चार प्रथिनांची तपासणी गाठीच्या तुकड्यावर होते, महाग नाही, आणि प्रत्येक तरुण रुग्णाची ती झालीच पाहिजे. कारण त्या दोषामागं कधी कधी अख्खं घराणं असतं.

१८९५ ची गोष्ट आहे. अमेरिकेत मिशिगनमध्ये डॉ. अल्ड्रेड वॉर्थिन यांच्या घरची कपडे शिवणारी बाई उदास बसलेली त्यांनी पाहिली. विचारलं तर म्हणाली, "मी तरुणपणीच मरणार. आमच्या घरात सगळे पोटाच्या नाहीतर पिशवीच्या कॅन्सरनं जातात." ती खरंच तशीच गेली. वॉर्थिन यांनी तिच्या घराण्याची वंशावळ मांडली, पुढं हेन्री लिंच यांनी ते काम नेलं, आणि आज त्या दोषाला लिंच सिंड्रोम म्हणतात. शिवणकाम करणाऱ्या बाईनं स्वतःच्या घराकडं बघून जे ओळखलं, ते डॉक्टरांना पटायला कित्येक दशकं लागली. आपल्याकडं ही माहिती दडवली जाते. 'घराण्यात कॅन्सर आहे' कळलं तर पोरीचं लग्न अडेल. मला त्या आईबापांचा राग येत नाही. पण ज्याच्या बापाला किंवा भावाला कमी वयात हा आजार झाला, त्यानं त्या वयाच्या दहा वर्षं आधीपासून, आणि उशिरात उशिरा चाळिशीला, दुर्बिणीतून तपासून घ्यायचं असतं. बहुतेक गाठी आधी लहानशा मोडासारख्या उगवतात, कॅन्सर व्हायला त्यांना बहुधा वर्षं लागतात, आणि तेवढ्या वेळात दुर्बिणीतूनच त्या खुडून टाकता येतात. लिंचच्या घराण्यात त्या फार घाईनं वाढतात, म्हणून तिथं विशी-पंचविशीपासून वरचेवर बघावं लागतं.

आता म्हणाल, इथं गावात बसून आम्ही काय करायचं? बार्शीचं उदाहरण आपल्या शेजारचं आहे. १९८७ मध्ये तिथं देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली, डॉ. बी. एम. नेने आणि टाटाच्या डॉ. कस्तुरी जयंत यांच्या पुढाकारानं. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतली गावं त्यांनी धरली. शहरात नोंदणीवाले रुग्णालयांच्या वह्या बघतात. इथं रुग्ण रुग्णालयात येतच नव्हते, म्हणून त्यांची माणसं गावोगाव गेली, पारावर बसली, बायकांशी ओट्यावर बोलली, कुणाला अंगावरून जातं, कुणाला गाठ आहे, विचारत राहिली, दवाखान्यात चला म्हणाली. तेव्हा तपासणीची कुठलीही मोहीम नव्हती. तरी काही वर्षांत असं दिसलं, की गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर येऊ लागल्या. हे १९९५ साली छापून आलं आहे. नुसत्या बोलण्यानं टप्पा बदलला. पुढं याच भागातल्या लाखाहून अधिक बायकांवर झालेल्या अभ्यासानं जगाला एचपीव्ही तपासणीचं महत्त्व पटवून दिलं, पण मला त्या आधीच्या, पारावरच्या बोलण्याचं अप्रूप जास्त आहे.

दसऱ्याला टोळ्या निघायच्या आत आपल्या आशाताईंनी प्रत्येक कोयत्याच्या गड्याला आणि बाईला एकच प्रश्न विचारावा: संडासवाटे रक्त पडतं का? ज्याचं उत्तर 'हो', त्याची बोटाची तपासणी निघायच्या आधी व्हावी. इथले माझे डॉक्टर बंधू बसले आहेत, एमबीबीएस आहेत, बीएएमएस आहेत, त्यांना हात जोडून सांगतो, मोज्यांचा एक खोका टेबलावर ठेवा, कपाटात नको. मुकादम मंडळींनाही सांगतो, कारण तेही आपल्याच गावचे आहेत: तपासणीच्या दिवसाचा खाडा धरू नका. एक दिवस वाचवायला गेलात, तर अख्खा कोयता मोडतो, आणि मागं राहिलेल्या बाईच्या डोक्यावर ती उचल तशीच राहते. त्या चोवीस वर्षांच्या बाईनं नवऱ्याची उचल पुढची तीन वर्षं एकटीनं फेडली, दुसऱ्या टोळीत अर्धा कोयता म्हणून राबून.

तिचा तो मुलगा आज एकोणीस वर्षांचा आहे. बापाचं निदान एकोणतिसाव्या वर्षी झालं होतं, म्हणून मी गेली दोन वर्षं तिला निरोप पाठवत होतो. मागच्या महिन्यात पट्टा पडल्यावर दोघं आली. पोरगं तंत्रनिकेतनात शिकतं, हंगामात आईला मदत करायला जातं. त्याला काही त्रास नव्हता आणि त्याला तपासणी नकोच होती. आईनं पिशवीतून बापाचे पिवळे पडलेले कागद काढून माझ्या टेबलावर ठेवले, पहिला कागद माझ्याच हस्ताक्षरातला, मलम आणि पावडर लिहिलेला. तो तिनं सतरा वर्षं जपला होता. मला म्हणाली, "साहेब, ह्याचा किती दिवसांचा खाडा?"

मी सांगितलं, एका दिवसाचा. आदल्या रात्री पोट साफ करायचं औषध दोन लिटर पाण्यात कालवून प्यायचं असतं, चव वाईट असते, पोरं अर्ध्यावर सोडतात. ती रात्रभर त्याच्या शेजारी बसली आणि पेले मोजत राहिली. सकाळी दुर्बीण आत गेली तेव्हा आतडं स्वच्छ होतं. डाव्या बाजूला हरभऱ्याच्या दाण्याएवढा एक मोड होता. तो मी काढला.